मोठ्या कंपनीतील मार्केटिंग इंटर्नशिप : प्रत्यक्षात काय शिकायला मिळते?

अर्धविराम (धागाकर्ती)

व्यवस्थापन शाखेच्या पदवी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एका मोठ्या कंपनीच्या मार्केटिंग विभागात मी केलेली इंटर्नशिप नुकतीच संपली. ही कंपनी घरगुती वापराच्या वस्तू बनवते. तिची बहुतेक विक्री दुकानांतून होते आणि थोडीशी स्वतःच्या संकेतस्थळावरून. कंपनीचे नाव मी लिहिणार नाही, कारण गोपनीयतेच्या करारावर माझी सही आहे आणि मला जे मांडायचे आहे त्याला नावाची गरजही नाही.

वर्गात आमची सुरुवात जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये मांडलेल्या चार घटकांपासून झाली होती : वस्तू, किंमत, वितरण आणि प्रसिद्धी. हे चारही घटक मार्केटिंग विभागाच्या हातात असतात, अशी माझी त्यावरून समजूत झाली होती. प्रत्यक्षात वस्तूत कोणता बदल करायचा हे संशोधन विभाग आणि कारखाना यांच्या बैठकीत ठरत होते, किमतीबाबत वित्त आणि विक्री विभागांचा शब्द चालत होता, आणि वितरण तर संपूर्णपणे विक्री विभागाकडे होते. उरली प्रसिद्धी; पण जाहिरात लिहिणारे, ती चित्रित करणारे आणि ती कुठे व केव्हा दाखवायची याची जागा घेणारे लोक बाहेरच्या एजन्सींचे होते. मग या विभागातली इतकी माणसे दिवसभर करतात तरी काय, हा प्रश्न मला सुरुवातीचा बराच काळ पडत असे, आणि तो उघडपणे विचारण्यासारखा नव्हता.

त्याचे उत्तर हळूहळू मिळाले. विभागाचे खरे काम म्हणजे ब्रीफ लिहिणे आणि त्यावर सर्वांची संमती मिळवणे. ब्रीफ म्हणजे एजन्सीला दिले जाणारे एका पानाचे टिपण : जाहिरात कोणाशी बोलणार आहे, ती व्यक्ती आज काय करते, उद्या तिने काय करावे अशी आपली अपेक्षा आहे, तिला सांगायची एकच गोष्ट कोणती आणि तिने त्यावर विश्वास का ठेवावा. एवढे एक पान लिहायला फार तर एक दुपार लागेल असे कोणालाही वाटेल. माझ्यासमोर जे ब्रीफ तयार झाले त्याचे मसुदे काही आठवडे फिरत राहिले, आणि सगळा वाद पहिल्याच प्रश्नावर होता. जे आधीपासून आपली वस्तू घेतात त्यांनी ती जास्त वेळा घ्यावी म्हणून बोलायचे, की जे कधीच घेत नाहीत त्यांच्याशी बोलायचे? विक्री विभागाला पहिला मार्ग हवा होता, कारण त्याचा परिणाम चालू तिमाहीत दिसतो. ब्रँड मॅनेजरला, म्हणजे त्या ब्रँडची जबाबदारी सांभाळणाऱ्या व्यक्तीला, दुसरा हवा होता, कारण जुने ग्राहक दरवर्षी थोडे थोडे गळतच असतात आणि नवे आले नाहीत तर ती गळती काही वर्षांनी अचानक जाणवते. दोघांची बाजू खरी होती. अशा वेळी ब्रीफमध्ये दोन्ही गटांचा उल्लेख करून वाद मिटवण्याचा मोह होतो. तसा एक मसुदा तयारही झाला होता. एजन्सीने तो परत पाठवला आणि कोणता तरी एक गट निवडा, असे स्पष्ट कळवले. माझ्या दृष्टीने संपूर्ण इंटर्नशिपमधला तो सर्वांत शिकवणारा प्रसंग होता.

दुसरी गोष्ट कायदा विभागाची. जाहिरातीतला प्रत्येक दावा तिथून तपासून येतो. ‘सर्वांत प्रभावी’ असे लिहायचे असेल तर बाजारातील प्रतिस्पर्धी वस्तूंशी तुलना केल्याचा पुरावा लागतो. ‘अधिक प्रभावी’ लिहिले तर कशापेक्षा अधिक, हे त्याच जागी सांगावे लागते. एजन्सीतील लेखकांना याचा त्रास होतो हे मी पाहिले, पण माझे मत विचाराल तर या चाळणीतून गेल्यानंतर उरलेले वाक्य बहुतेक वेळा आधीच्यापेक्षा चांगले होते, कारण त्यात काहीतरी नेमके सांगणे भाग पडत होते.

माझ्या वाट्याला आलेले काम यापेक्षा पुष्कळ साधे होते. संकेतस्थळ, ग्राहकांना जाणारे ईमेल आणि सर्च इंजिनवरील जाहिराती यांचा साप्ताहिक अहवाल मला तयार करावा लागे. आकडे निरनिराळ्या ठिकाणांहून उतरवून घ्यायचे, एक्सेलमध्ये जुळवायचे आणि प्रेझेंटेशनच्या ठरलेल्या स्लाइडवर बसवायचे. या अहवालात दर आठवड्याला एक ओळ इतर सर्व ओळींपेक्षा कितीतरी सरस दिसत असे : कंपनीच्या स्वतःच्या ब्रँडचे नाव शोधणाऱ्या माणसाला दाखवल्या जाणाऱ्या जाहिराती. त्यांच्यावर खर्च कमी, त्यांतून विक्री भरपूर. मी माझ्या मेंटॉरना, म्हणजे कंपनीत मला मार्गदर्शन करणाऱ्यांना, विचारले की ज्या माणसाने आपलेच नाव टाइप केले आहे तो जाहिरात नसती तरी खालच्या फुकटच्या दुव्यावरून आपल्याकडेच आला नसता का? त्यांनी मला ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर झालेल्या प्रयोगाचा शोधनिबंध वाचायला दिला. ईबेने २०१२ मध्ये काही सर्च इंजिनांवर स्वतःच्या नावाच्या जाहिराती थांबवल्या, तेव्हा जाहिरातींतून येणारी जवळजवळ सगळी वर्दळ नेहमीच्या, विनामूल्य दुव्यांवरून येत राहिली. हे संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

मेंटॉरच्या पाठिंब्याने आम्ही तशीच एक लहान चाचणी प्रस्तावित केली : काही भागांत या जाहिराती बंद ठेवायच्या, तशाच स्वरूपाच्या इतर भागांत चालू ठेवायच्या आणि एकूण विक्रीची तुलना करायची. परवानगी मिळायला चाचणीपेक्षा जास्त वेळ लागला. निकाल ईबेच्याच दिशेने गेला. बंद केलेल्या भागांतील विक्रीत ठळक घट दिसली नाही. तरीही त्या जाहिरातींवरील खर्च लगेच कमी झाला नाही. त्या ओळीतील आकडा एका टीमच्या वार्षिक उद्दिष्टात धरलेला होता, आणि वर्षाच्या मध्यावर तो काढून घेतला तर त्या टीमचे उद्दिष्ट कागदावर अपुरे राहिले असते.

यावरून माझे मत असे झाले आहे की इंटर्नला दिले जाणारे, रटाळ समजले जाणारे अहवालाचे काम हेच मोठ्या कंपनीत शिकण्याचे सर्वांत चांगले ठिकाण आहे. मात्र प्रत्येक आकड्यावर कोणाचा कोणता निर्णय अवलंबून आहे, हे विचारण्याची मुभा असायला हवी. इतरांचे अनुभव यापेक्षा वेगळे असतील तर ते वाचायला मला आवडेल.

कोरा कागद

सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. मी पुढच्या सत्रात अशाच इंटर्नशिपसाठी अर्ज करणार आहे. मुलाखतीत आम्हाला एखाद्या आवडत्या जाहिरातीबद्दल बोलायला सांगतात, असे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून कळले. तुमच्या वर्णनावरून तर जाहिरातीशी प्रत्यक्ष संबंध फारच कमी येतो, असे दिसते. मग तयारी नक्की कशाची करावी?

तळटीप

माझे काम संख्याशास्त्राचे असल्यामुळे चाचणीच्या भागाबद्दल थोडे लिहितो. ‘ठळक घट दिसली नाही’ आणि ‘घट झाली नाही’ या दोन विधानांत बरेच अंतर आहे, आणि धागाकर्तीने पहिले विधान वापरले आहे हे पाहून बरे वाटले. विद्यार्थ्यांच्या प्रकल्प अहवालांत हे अंतर सहसा पाळले जात नाही.

हे अंतर किती असते याचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब देतो. समजा संकेतस्थळावर येणाऱ्या शंभरातील दोन माणसे खरेदी करतात आणि नव्या पानामुळे हे प्रमाण २ टक्क्यांवरून २.२ टक्के होईल अशी आशा आहे. हा फरक खरोखर असेल तर तो ८० टक्के शक्यतेने पकडता यावा आणि नसलेला फरक दिसण्याची जोखीम ५ टक्क्यांवर राहावी, अशी नेहमीची अट घातली, तर प्रत्येक गटात (एकाला जुने पान दाखवायचे, दुसऱ्याला नवे) जवळपास ८० हजार माणसे लागतात. फरक २ वरून ३ टक्के इतका मोठा अपेक्षित असेल तर प्रत्येक गटात ४ हजार माणसे पुरतात. म्हणजे शोधायचा फरक पाचपटींनी लहान झाला की लागणारी माणसे वीसपटींहून जास्त वाढतात. मोठ्या कंपनीत इंटर्नशिप करण्याचा एक लाभ कोणी सांगत नाही तो हा, की तिथे अशी संख्या उपलब्ध असते. लहान ठिकाणी बहुतेक चाचण्या सुरू होण्याआधीच निष्फळ ठरलेल्या असतात.

दुसरा धोका रोज निकाल पाहण्याचा आहे. दररोज डॅशबोर्ड, म्हणजे ताजे आकडे दाखवणारा पडदा, उघडायचा आणि ज्या दिवशी फरक ‘लक्षणीय’ (निव्वळ योगायोगाने आला नसावा इतका) दिसेल त्या दिवशी चाचणी थांबवून विजय जाहीर करायचा, ही पद्धत वापरली तर ५ टक्क्यांची ठरवलेली जोखीम प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट होते. चाचणी किती काळ चालवायची हे आधी लिहून ठेवणे आणि तोवर निर्णय न घेणे, एवढी शिस्त पुरेशी असते. कार्यालयात ती पाळणे अवघड जाते, कारण वरिष्ठ रोज विचारतात.

ईमेलच्या अहवालाबद्दलही एक प्रश्न आहे. ईमेल उघडण्याचे प्रमाण अजून मुख्य आकडा म्हणून दाखवले जात होते का? ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या मेल ॲपमध्ये जी गोपनीयतेची सोय आणली, तिच्यामुळे ईमेलमधील चित्रे ग्राहकाने ईमेल वाचले नाही तरी आधीच उतरवली जातात आणि मोजणाऱ्या यंत्रणेला ते ईमेल उघडल्यासारखे दिसते. तेव्हापासून तो आकडा फुगलेला आहे.

जुना हिशेबनीस

मार्केटिंगमध्ये बराच काळ काढल्यानंतर मी आता निवृत्त आहे. विभागाच्या हातात थेट काहीच नसते, या निरीक्षणाबद्दल धागाकर्तीला नवल वाटले, पण ही रचना मुळापासूनच तशी आहे. १३ मे १९३१ रोजी प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबण बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीतील नील मॅकेलरॉय या तरुण कर्मचाऱ्याने तीन पानांचे एक टिपण लिहिले. ते कॅमे साबणाच्या जाहिरातीचे काम पाहत होते आणि त्याच कंपनीच्या आयव्हरी या जुन्या, लाडक्या साबणापुढे कॅमेकडे कोणाचे लक्ष नव्हते. प्रत्येक ब्रँडचा स्वतंत्र सांभाळ करणारी माणसे नेमावीत, असे त्यांनी सुचवले, आणि त्या माणसाने काय करावे हेही लिहिले : मालाच्या रवानगीचे आकडे बारकाईने पाहावेत, जिथे ब्रँड मागे आहे तिथल्या दुकानदारांना आणि ग्राहकांना स्वतः भेटून कारण शोधावे, उपाय आखावा, त्यासाठी किती पैसे लागतील ते सांगावे आणि नंतर परिणाम तपासावा. या यादीत कारखान्यावर किंवा विक्रेत्यांवर हुकूम चालवण्याचा अधिकार कुठेच नव्हता. जबाबदारी मात्र पूर्ण होती. मॅकेलरॉय पुढे त्या कंपनीचे अध्यक्ष झाले आणि १९५७ ते १९५९ या काळात अमेरिकेचे संरक्षणमंत्रीही होते.

ब्रँड मॅनेजरचा दिवस समजुती घालण्यात का जातो, हे यावरून कळते. ज्या इंटर्नला हे काम कमी प्रतीचे वाटते आणि खरे काम म्हणजे घोषवाक्य सुचवणे असे वाटते, त्याने एजन्सीत जावे. तेही चांगले करिअर आहे, पण ते वेगळे आहे.

धागाकर्तीच्या एका मताशी मी सहमत नाही. अहवाल हे शिकण्याचे सर्वांत चांगले ठिकाण आहे, असे त्या म्हणतात. माझ्या अनुभवात ते ठिकाण म्हणजे बैठकीचे इतिवृत्त. इतिवृत्त लिहिणाऱ्याला प्रत्येक चर्चेचा निर्णय काय झाला, तो कोणी घेतला आणि पुढचे काम कोणाकडे गेले, हे लिहावेच लागते. आणि निम्म्या बैठकांत निर्णय झालेलाच नाही, हे लिहिता लिहिता त्याच्या लक्षात येते. मग तो नम्रपणे विचारतो, आणि त्याच्या त्या प्रश्नामुळे निर्णय होतो. इंटर्नला एवढा प्रभाव दुसऱ्या कोणत्याही कामातून मिळत नाही.

वळणवाट

वरचे सगळे वाचून मला प्रश्न पडला आहे की आपण एकाच गोष्टीबद्दल बोलत आहोत का. माझी इंटर्नशिपही एका नामांकित कंपनीतच झाली. मी आल्यावर थोड्याच दिवसांत माझ्या मेंटॉरची दुसऱ्या विभागात बदली झाली आणि नवीन कोणी नेमले गेले नाही. त्यानंतर प्रतिस्पर्ध्यांच्या जाहिराती गोळा करून एका फोल्डरमध्ये ठेवणे आणि इतरांच्या स्लाइडमधील अक्षरांचा आकार व रंग कंपनीच्या नियमांप्रमाणे दुरुस्त करणे, हेच माझे काम राहिले. गोळा केलेल्या जाहिराती कोणी पाहिल्या का, हेही मला कधी कळले नाही. ‘प्रत्येक आकड्यावर कोणाचा निर्णय अवलंबून आहे हे विचारा’ हा सल्ला छान आहे, परंतु विचारायला समोर माणूस तर हवा.

नंतर मी एका लहान कंपनीत काम केले. तिथे संकेतस्थळावरील मजकूर मी लिहिला, ग्राहकांचे फोन मी घेतले, तक्रारींना उत्तरे मी दिली आणि जाहिरातीचे पैसे वाया गेले तेव्हा मालकाचा चेहराही मीच पाहिला. मोठ्या कंपनीचे नाव बायोडेटावर शोभून दिसते, एवढाच तिचा उपयोग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्धविराम (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. एकेका मुद्द्यावर लिहिते.

तळटीप, उघडण्याचे प्रमाण अहवालात पहिल्याच स्लाइडवर होते. ते का फुगले आहे, हे टीममधील सर्वांना ठाऊक होते. तरीही तो आकडा हटवला गेला नव्हता, कारण मागील वर्षांशी तुलना करायला दुसरा सलग आकडा नव्हता. आम्ही शेवटी तो खाली नेला आणि वर दुव्यावर क्लिक करणाऱ्यांचे, यादीतून नाव काढून घेणाऱ्यांचे आणि ईमेलला स्पॅम म्हणणाऱ्यांचे प्रमाण ठेवले. यांतल्या शेवटच्या आकड्याला फेब्रुवारी २०२४ पासून वेगळेच महत्त्व आले आहे. जीमेल खात्यांना दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त ईमेल पाठवणाऱ्यांनी स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्यात आणि एका क्लिकमध्ये नाव काढून घेण्याची सोय द्यावी, असा गूगलचा नियम तेव्हा लागू झाला. हा नियम आल्यावर ‘आणखी एक ईमेल पाठवले तर बिघडते काय’ हा विक्री विभागाचा नेहमीचा युक्तिवाद बराच मंदावला, असे मला टीममधील लोकांनी सांगितले.

वळणवाट, तुमचा अनुभव मी नाकारत नाही. माझ्याबरोबर त्याच इमारतीत दुसऱ्या टीममध्ये असलेल्या एका इंटर्नचे काम तुमच्या वर्णनासारखेच होते. आम्हा दोघींची कंपनी एक, बोधचिन्ह एक, पण एकीचा मेंटॉर आठवड्यातून एकदा वेळ काढून बसत होता आणि दुसरीचा मेंटॉर कायम प्रवासात होता. त्यामुळे मोठी कंपनी की लहान, या प्रश्नापेक्षा कामाचा शेवट कोणत्या निर्णयात होणार, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

कोरा कागद यांनी विचारलेल्या तयारीचे उत्तरही यातच आहे. आवडत्या जाहिरातीबद्दल जरूर बोलावे, पण ती का आवडली हे सांगण्याऐवजी ती कोणासाठी केलेली आहे आणि त्या माणसाने ती पाहून काय करावे अशी कंपनीची अपेक्षा असेल, हे सांगावे. मुलाखत घेणारे त्यावरच पुढचे प्रश्न विचारतात. शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का’ असे म्हणतात तेव्हा आधीच्या इंटर्नचा प्रकल्प कोणता होता आणि त्याचे पुढे काय झाले, हे विचारावे. समोरच्याला आधीच्या इंटर्नचा प्रकल्पच आठवत नसेल तर तुम्हाला हवे ते उत्तर मिळालेले आहे. बाकी एक्सेलमधील पिव्हट टेबल (मोठ्या तक्त्यातील आकड्यांचा गटवार सारांश काढण्याची सोय) नीट येणे आणि अर्ध्या पानात मुद्दा मांडता येणे, एवढी दोन कौशल्ये मला रोज लागली.

दुकानफेरी

मी विक्री विभागात आहे, त्यामुळे या धाग्यात आमच्यावर थोडा अन्याय झाला आहे असे मला वाटणे साहजिक आहे. धागाकर्तीनेच लिहिले आहे की कंपनीची बहुतेक विक्री दुकानांतून होते. असे असताना इंटर्नशिपचा जवळपास सगळा काळ संकेतस्थळ, ईमेल आणि सर्च यांत गेला, आणि त्या लहानशा भागावरून मार्केटिंगविषयी मते तयार झाली. असे का होते तेही सांगतो : जिथे आकडे सहज मिळतात तिथेच इंटर्नला बसवले जाते. दुकानातील फळीवर आपली वस्तू डोळ्यांच्या उंचीवर आहे की पायांपाशी, ती संपली आहे आणि दुकानदाराने तिच्या जागी शेजारचा ब्रँड पसरवून ठेवला आहे का, हे कुठल्याही डॅशबोर्डवर आपोआप येत नाही. तिथे जाऊन पाहावे लागते. मार्केटिंगच्या प्रत्येक इंटर्नने निदान काही दिवस आमच्या माणसांबरोबर फिरावे. मॅकेलरॉय यांच्या टिपणातही तेच सांगितलेले दिसते.

अर्धविराम (धागाकर्ती)

तुमचा आक्षेप योग्य आहे आणि तो माझ्या अहवालात मर्यादा म्हणून नोंदवलेला आहे. विक्री प्रतिनिधींबरोबर फिरण्याची संधी मला मिळाली, ती थोड्याच दिवसांची होती, पण तिथे जे दिसले ते कार्यालयात बसून कधीच कळले नसते. नव्या वेष्टनाची जाहिरात ठरलेल्या दिवशी सुरू झाली होती आणि दुकानांत मात्र जुनेच वेष्टन होते, कारण दुकानदार आधीचा साठा संपल्याशिवाय नवा माल वर लावत नाही, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. जाहिरात पाहून आलेल्या ग्राहकाला चित्रातली वस्तू फळीवर सापडत नव्हती. कार्यालयात त्या मोहिमेचा अहवाल तोवर उत्तम चालला होता, कारण त्यात जाहिरात किती जणांनी पाहिली एवढेच मोजले जात होते. परत आल्यावर मी हे टीमला सांगितले तेव्हा कोणालाही आश्चर्य वाटले नाही, याचे मात्र मला आश्चर्य वाटले.

फळा

मी अशा इंटर्नशिपचे प्रकल्प अहवाल तपासते, म्हणून त्या बाजूने लिहिते. गोपनीयतेच्या करारामुळे विद्यार्थ्यांचे अहवाल दोन प्रकारे बिघडतात. काही जण सगळे आकडे काढून टाकतात आणि उरते ते फक्त कंपनीच्या इतिहासाचे व मूल्यांचे संकेतस्थळावरून घेतलेले वर्णन, ज्याला गुण देणे शक्य नसते. काही जण उलट खरी विक्री जशीच्या तशी लिहितात आणि मग ऐन सादरीकरणाच्या आधी कंपनीकडून हरकत येते. या दोन्हींवर एक जुना उपाय आहे : सुरुवातीच्या महिन्याची विक्री १०० धरावी आणि पुढील सर्व आकडे त्या प्रमाणात मांडावेत. चढउतार, तुलना, चाचणीचा निकाल हे सगळे त्यातून दिसते आणि मूळ आकडा कोणाला कळत नाही. अहवालाचा मसुदा कंपनीकडे मंजुरीला पाठवायचा असेल तर तो जितका लवकर पाठवता येईल तितका पाठवावा, कारण तिथला कायदा विभाग आपल्या परीक्षेच्या तारखा पाहून काम करत नाही. ग्राहकांची नावे, पत्ते, ईमेल असलेली फाइल स्वतःच्या संगणकावर घेऊ नये, हे वेगळे सांगायची गरज पडू नये, पण दरवर्षी पडते.

‘चाचणी घेतली, फरक दिसला नाही’ हा निष्कर्ष आम्हाला पूर्णपणे मान्य असतो. यश दाखवले नाही तर गुण कमी होतील, या समजुतीने विद्यार्थी आकड्यांना ओढून ताणून वर नेतात, आणि परीक्षकाला ते पहिल्या आलेखातच दिसते.

कोरा कागद

शेवटची एक शंका. ब्रँडच्या नावावरील जाहिरातींचा खर्च वाया जातो असे सिद्ध झालेले आहे, तर इतक्या मोठ्या कंपन्या तो अजून का करतात? फक्त उद्दिष्टांच्या कारणाने?

जुना हिशेबनीस

उद्दिष्टे हे एक कारण आहे, पण एकमेव नाही, आणि ‘सिद्ध झालेले आहे’ असे सरसकट म्हणू नये. ईबे हे घरोघरी माहीत असलेले नाव होते. ज्याला तिथे जायचे होते तो काहीही करून गेला असता. त्याच संशोधनात ब्रँडचे नाव नसलेल्या शब्दांवरील जाहिरातीही तपासल्या होत्या, आणि तिथे नव्या किंवा क्वचित येणाऱ्या ग्राहकांवर परिणाम दिसला होता. नेहमीच्या ग्राहकांवर तो दिसला नाही, आणि खर्चाचा मोठा भाग त्यांच्यावरच होत होता. म्हणून कमी परिचित ब्रँडला हा निकाल जसाच्या तसा लागू करता येणार नाही. शिवाय सर्च इंजिनवरील जाहिरातीची जागा बोली लावून मिळते, आणि तुमच्या नावासाठी प्रतिस्पर्धीही बोली लावू शकतो. तुम्ही जाहिरात बंद केलीत आणि त्याची जाहिरात सर्वांत वर आली, तर तुमच्याकडे निघालेला माणूस त्याच्या दारात जाऊ शकतो. खर्चाचा काही भाग हा असा दार राखण्याचा खर्च असतो. तो किती असावा, याचे उत्तर प्रत्येक ब्रँडने आपापली चाचणी घेऊनच काढायचे असते.

अर्धविराम (धागाकर्ती)

हाच मुद्दा आमच्या चाचणीच्या सादरीकरणात विक्रमी वेळ खाऊन गेला होता. आम्ही निवडलेल्या भागांत त्या काळात कोणीही प्रतिस्पर्धी आमच्या नावावर बोली लावत नव्हता, त्यामुळे तशी परिस्थिती आली तर काय होईल याबद्दल आमच्या आकड्यांतून काहीच सांगता येत नव्हते. निघताना मी जे हस्तांतरणाचे टिपण लिहिले त्यात ही अट वरच्या परिच्छेदात ठेवली, चाचणीचा कालावधी व निवडलेले भाग नोंदवले, आणि जिथे प्रतिस्पर्ध्याची बोली दिसते अशा भागांत पुढची चाचणी घ्यावी असे सुचवले. ती नव्या आर्थिक वर्षाच्या आराखड्यात धरली आहे, असे मेंटॉरनी कळवले आहे; तिची माहिती गोळा करण्याचे काम माझ्यानंतर येणाऱ्या इंटर्नकडे असेल.